पेव्हिंग ब्लॉक दर पावसाळ्यात तिथंच खचतात? आधी एक ब्लॉक उचलून बघा

जून-जुलैत कोल्हापुरात ब्लॉकचं काम करणाऱ्याला जे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. "गेल्या वर्षी नीट करून घेतलं होतं, परत तिथंच पाणी साठायला लागलं." नीट करून घेतलं म्हणजे काय केलं, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं. खचलेल्या जागचे ब्लॉक काढले, दोन-चार घमेली वाळू टाकली, ब्लॉक परत बसवले, वरून झाडू मारला. संध्याकाळपर्यंत काम संपलं आणि दिसायला झकास झालं. पुढच्या आषाढात पुन्हा तेच डबकं.

असं होणारच. ब्लॉक स्वतः खचत नाही, त्याच्या खालचं खचतं, आणि वाळू टाकून ते भरून निघत नाही. ब्लॉकखालची वाळू दबल्यावर इंच-दीड इंचच असायला हवी, फक्त ब्लॉक सारखे बसावेत म्हणून. दरवर्षी भर टाकून ती तीन-चार इंच झाली की आणखी हलते, आणखी पाणी धरते आणि चाकाखाली बाजूला सरकते. म्हणजे दुरुस्तीनंच पुढच्या खड्ड्याची सोय होते. म्हणून माणूस बोलावण्याआधी कुठं खचलंय, कसं खचलंय आणि का खचलंय हे स्वतः बघा. एका रविवारी सकाळी होण्यासारखं काम आहे.

पहिलं, खचण्याचा आकार. पाऊस उघडल्यावर अर्ध्या तासानं अंगणात जा आणि जिथं जिथं पाणी उभं आहे त्याच्या कडेनं खडूनं रेघ मारा. मग जरा लांब उभं राहून बघा.

घराच्या भिंतीला लागून दोन-तीन फुटांचा पट्टाच खाली गेला असेल तर ते पायाच्या चरीचं दुखणं आहे. घर बांधताना पाया खणलेला असतो चांगला रुंद. जोतं वर आलं की उरलेली चर भरायला जे हाताला लागेल ते ढकलतात. विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी पोती, खणलेलीच माती, सगळं एकदम. ते कोणी थरानं भरत नाही की धुम्मस मारत नाही. मग ते दोन-तीन पावसाळे आपसूक बसत राहतं आणि वरचा ब्लॉक बरोबर घेऊन जातं. यात खरा धोका ब्लॉकचा नाही. पट्टा बसला की अंगणाचा ढाळ उलटा होतो आणि पाणी गेटाकडं जायच्या ऐवजी जोत्याकडं यायला लागतं. आतल्या खोलीत स्कर्टिंगच्या वर ओल दिसायला लागली आणि रंगारी तीनदा येऊन गेला, तरी कारण बाहेरच्या अंगणात असू शकतं. इथं उपाय एकच. तो पट्टा राडारोड्यासकट खणून काढायचा, चांगल्या मुरमानं चार-पाच इंचांच्या थरात पाणी मारून दाबत वर आणायचा.

दोन समांतर नाल्या पडल्या असतील तर त्या गाडीच्या चाकांच्या. खालचा मुरूम कमी पडलाय किंवा दाबलेलाच नाही. अंगण फक्त चालण्यासाठी म्हणून केलं आणि दोन वर्षांनी दारात चारचाकी आली, हे आपल्याकडं सर्रास होतं.

एकाच ठिकाणी बशीसारखा खोलगा आणि त्याच्या डोक्यावर गच्चीच्या पाण्याचा पाईप असेल, तर फार विचार करायला नको. गच्चीवरचं सगळं पाणी त्या चार ब्लॉकवर पडतं, सांध्यातली वाळू धुऊन नेतं, मग खालची. पायाच्या टाचेनं ठोकलं तर पोकळ आवाज येतो. तो पाईप थेट चेंबरला जोडल्याशिवाय ब्लॉकला हात लावू नका.

एका सरळ रेषेत खचलं असेल तर खाली पाण्याची किंवा ड्रेनेजची लाईन आहे. नुसती चर बसली असेल तर ठीक, पण लाईन गळत असेल तर माती आतल्या आत वाहून जाते. घरातले सगळे नळ बंद करून रात्री मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी बघा. मीटरनंतरच्या लाईनची गळती त्यात कळेल. आणि भोकाच्या तोंडाशी माती उकरलेली दिसली तर घूस. घूस हे कोल्हापुरातल्या जुन्या पेठांमधलं गंभीर स्थापत्यशास्त्रीय कारण आहे, हसू नका. एक जोडी पार्किंगखाली चांगलं बीळ करते.

आता सगळ्यात अवघड प्रकार. अंगणभर लाटा आल्यात, एका जागी उंच एका जागी खोल, पावसाळ्यात गेट घासतं आणि उन्हाळ्यात तेच गेट मोकळं फिरतं. हे काळ्या मातीचं लक्षण.

कोल्हापूर जिल्ह्याची जमीन एक नाही. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडकडं जांभा आणि तांबडी माती, तिथं पाणी वाट काढून जातं. पूर्वेला हातकणंगले, शिरोळकडं आणि नदीकाठच्या पट्ट्यात काळी, जड जमीन. शहराच्या उपनगरांत तर एकाच कॉलनीत अर्धे प्लॉट मुरमाड आणि अर्धे मळीच्या काळ्या मातीचे निघतात, कारण काल-परवापर्यंत तिथं ऊस उभा होता. शेजाऱ्याचं अंगण दहा वर्षं जसंच्या तसं आहे आणि आपलं दरवर्षी हलतंय, याचा अर्थ तुमचा गवंडी वाईट होता असाच होत नाही.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, पाणी गेलं की आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. अंगणाखालीही तेच चालू असतं, फक्त दिसत नाही. कडेला पाणी लवकर पोचतं, मध्ये उशिरा, म्हणून सगळीकडं सारखं फुगत नाही आणि लाटा येतात.

आपली माती किती फुगरी आहे हे बघायची एक सोपी परीक्षा आहे, प्रयोगशाळेतही तीच करतात. दोन फूट खालची माती घ्या, वाळवा, बारीक चाळा. प्रत्येकी १० ग्रॅम दोन मापाच्या काचेच्या नळ्यांत टाका, १०० मिलीच्या. एकीत पाणी भरा, दुसरीत रॉकेल. नीट ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हीतल्या तळाच्या मातीचा फरक काढा, त्याला रॉकेलमधल्या आकड्यानं भागा. रॉकेलमध्ये १० मिली आणि पाण्यात १६ मिली आली म्हणजे ६० टक्के. ५० च्या वर गेलं की त्या मातीवर थेट काही बसवू नका. नळ्या नसतील तर जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा माती परीक्षण करणाऱ्याकडं नमुना द्या, फार खर्च नाही.

आकार कळला की ब्लॉक उचला. झिगझॅग ब्लॉक एकमेकांत अडकलेले असतात, पहिला निघायला त्रास देतो. दोन जाड स्क्रूड्रायव्हर घ्या, समोरासमोरच्या सांध्यांतली वाळू उकरा, आणि दोन्हीकडून थोडं थोडं हलवत वर घ्या. नाहीच निघाला तर एक फोडा, बाकीचे सोपे निघतात. खड्ड्यातले चार-पाच आणि चांगल्या जागेतले दोन काढा, म्हणजे फरक कळेल.

आता निवांत बसून बघा. ब्लॉकचा तळ कोरडा, स्वच्छ आणि खालच्या वाळूवर त्याचा ठसाच नाही, तर मध्ये पोकळी झालीय. तळाला चिखलाचा लपका आहे, तर खाली पाणी अडलंय आणि गाडी गेली की चिखल वर येतोय. वाळूत पट्टी उभी घाला. तीन इंच भरली तर मागच्या दुरुस्त्यांचा इतिहास तुमच्यासमोर आहे. वाळू आणि खालची माती एकमेकांत मिसळून करड्या रंगाचा लगदा झाला असेल, तर मध्ये थर वेगळा ठेवणारं जिओटेक्स्टाईल कापड नाही, खडी-मुरूमही बहुतेक नाही. शेवटी १० मिमीची सळई हातानं दाबा. दाबलेल्या मुरमात ती बोटभरही जात नाही. फूटभर सुळकन गेली, तर बाकी चौकशीची गरजच नाही.

वाळू बोटांत चोळूनही बघा, आणि हे खास कोल्हापूरकरांसाठी. शिरोली, गोकुळ शिरगावकडं फाउंड्री भरपूर, आणि साचे मोडल्यावरची काळी वाळू भरावासाठी फुकट किंवा फुकटाच्या भावात मिळते. काही ठिकाणी तीच ब्लॉकखाली पसरलेली सापडते. ओतकामाची ती वाळू चिकटून राहावी म्हणून तिच्यात बेंटोनाइट माती मिसळलेली असते, आणि बेंटोनाइट म्हणजे तेच फुगणारं माँटमोरिलोनाइट. शिवाय दाणा बारीक आणि एकसारखा. उचगावकडच्या एका बंगल्यात जमीन छान मुरमाड, ढाळ बरोबर, तरी पार्किंग दर श्रावणात लोण्यागत हलायचं. ब्लॉक काढले तर खाली काळी वाळू, ओली असताना बोटाला काजळी लागणारी, मुठीत दाबली की तुकडा न पडता तशीच राहणारी. ती सगळी काढून धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली दाणेदार वाळू, घातली, बाकी कशालाही हात लावला नाही. मालकांना आधीच्या माणसानं "वाळू फुकट देतो" म्हणून सूट दिली होती. ब्लॉकखाली दाणेदार, मातीविरहित वाळूच पाहिजे. क्रशरची डस्टही नको, ती पीठ असते आणि पाणी सोडत नाही.

यू-ट्यूबबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण हल्ली माणसं मोबाईल दाखवून सांगतात, "असं करा." व्हिडिओ कॅनडाचा किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडचा असतो. घरामागं अंगण, फूटभर खोल खणलेलं, त्यात स्वच्छ धुतलेली खडी, वर ब्लॉक. काम उत्तम असतं, पण ते थंडीवरचं औषध आहे. तिथं हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते. बारीक मातीतलं पाणी खालून वर ओढलं जातं आणि गोठणाऱ्या थरापाशी बर्फाच्या चकत्या तयार होतात. त्या वाढत जातात आणि ब्लॉक वर उचलतात. वसंतात बर्फ वरून वितळायला लागतो, खालची जमीन अजून गोठलेलीच, त्यामुळं पाण्याला वाट नाही आणि सगळं मऊ होऊन बसतं. म्हणून ते बारीक माती काढून टाकतात आणि पाणी थांबणारच नाही अशी मोकळी खडी घालतात. वर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यानं हलक्या प्रतीच्या ब्लॉकचे पापुद्रे सुटतात, म्हणून ब्लॉकही कमी पाणी पिणारे निवडतात.

आपल्याकडं बर्फ नाही, पण दुखण्याची जात तीच: बारीक माती, पाणी, आणि दरवर्षी वर-खाली. तिथलं मीठ आणि गोठण सोडून द्या. मात्र मोकळ्या खडीची नक्कल काळ्या मातीवर केली तर अंगावर येते. काळ्या जमिनीतून पाणी झिरपत नाही. मग खडीचा तो थर म्हणजे जमिनीत पुरलेला हौदच. पावसाळाभर त्यात पाणी उभं राहतं आणि खालची माती निवांत फुगत बसते. खडीच्या तळाशी ढाळ देऊन छिद्रांचा पाईप गटारापर्यंत काढला असेल तरच त्याला अर्थ आहे. नाहीतर काळ्या मातीवर घट्ट दाबलेला मुरूमच बरा, जो पाणी खाली सोडत नाही आणि स्वतःही फुगत नाही. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत मांडली आणि ती कालव्यांपासून इमारतींच्या पायापर्यंत वापरली गेली. त्यांच्या हिशेबात हा थर मीटरभराच्या घरात जातो. घराच्या अंगणात तेवढं खणायला कोणी तयार नसतं, आणि मीही सांगत नाही. दीड-दोन फूट काळी काढून मुरूम भरला तर हालचाल बरीच कमी होते. पूर्ण थांबेल असं कोणी लिहून दिलं तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

"खाली पीसीसीच मारून टाकू का?" हाही नेहमीचा प्रश्न. पीसीसी म्हणजे सळई न घातलेलं साधं काँक्रीट. मुरमाड जमिनीवर गरज नाही. काळ्यावर चार इंचांचं साधं काँक्रीट तडकतं, मग तडकलेल्या काँक्रीटवर हलणारे ब्लॉक असं दुहेरी काम होतं. वर सिमेंट मिसळलेल्या कोरड्या वाळूत ब्लॉक बसवणंही मला पटत नाही. पहिला पाऊस पडला की तिचे गोळे होतात, काही जागा कडक, काही भुसभुशीत. ब्लॉकची सगळी गंमत तो काढता-घालता येतो यात आहे, ती कशाला घालवायची?

आता दुरुस्तीचं काम करून घेताना कुठं उभं राहायचं ते सांगतो.

खणाई झाल्यावर तळ बघा. काळपट ओली माती आणि मुळं दिसत असतील तर आणखी खाली जायला सांगा. तळाला जिओटेक्स्टाईल पसरा. त्यावर मुरूम, पार्किंग असेल तर दाबून नऊ इंच तरी. २० बाय १५ फुटांच्या अंगणाला नऊ इंच म्हणजे २२५ घनफूट, सव्वादोन ब्रास. दबल्यावर कमी भरतो म्हणून तीन ब्रासच्या आसपास मागवा. डंपर रिकामा करून फावड्यानं सारखा केला आणि एकदाच मशीन फिरवलं, हे चालत नाही. लहान प्लेट कॉम्पॅक्टरचा जोर चार-पाच इंचांच्या खाली पोचत नाही, म्हणून थर तेवढाच. मुरूम मुठीत दाबला की लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्यानं दाबल्यावर त्याचे दोन तुकडे झाले पाहिजेत. हाताला चिकटला तर पाणी जास्त, वळलाच नाही तर कमी. हे एवढं बघितलंत तरी निम्मं काम पदरात पडलं.

ढाळ मुरमातच द्यायचा, वाळूत नाही. ५० फुटाला एक फूट, म्हणजे २० फुटांत जवळजवळ पाच इंच. लेव्हल बघायची पाण्याची नळी लावून दोन्ही टोकं स्वतः बघा. पार्किंगच्या उतारावर लोक कंजूषी करतात कारण सपाट अंगण दिसायला बरं वाटतं.

कडेला काँक्रीटचा पट्टा किंवा कर्ब नसेल तर कितीही चांगला मुरूम घाला, ब्लॉक बाहेर पसरतात. गेटाजवळचे सांधे रुंद व्हायला लागले की समजा, कड सुटलीय. चांगला सांधा दोन ते चार मिलिमीटर. त्यात बारीक कोरडी वाळू झाडून भरायची, वरून मशीन फिरवायचं, परत वाळू, परत मशीन. सिमेंटची स्लरी ओतू नका. नुसत्या रबरी हातोडीवर काम उरकणाऱ्याला मशीनबद्दल आधीच विचारा.

ब्लॉकचं म्हणाल तर घरच्या गाडीला ६० मिमी जाडी आणि एम ३५ ताकदीचं काँक्रीट पुरतं. ८० मिमी घेऊन खाली मुरूम वाचवणारे लोक आहेत. पैसे उलट्या जागी चाललेत. पांढरी पूड आली तर काळजी नको, सिमेंटमधला चुना आहे, दोन-तीन पावसांत जातो. शेवाळाला कडक ब्रश आणि ऊन.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या अंगणात पंचगंगेचं पाणी आलं, त्यांचं दुखणं थोडं वेगळं. पुराचा गाळ सांध्यांत बसतो आणि वरचं पाणी मुरायचं थांबतं. गाळ ओला असतानाच धुवा, पण जोराच्या पाईपनं सांध्यातली वाळू काढू नका, काढलीत तर परत भरा. आणि पाणी ओसरल्यावर लगेच गाडी आत घेऊ नका. खालचा मुरूम पुरता भिजलेला असतो, तेव्हाची चाकोरी कायमची राहते.

एक अडचण मात्र तुमच्या हातात नसते. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि काही वर्षांत रस्ता अंगणापेक्षा उंच होतो. मग ढाळ गटाराकडं देता येत नाही. मुरमाड प्लॉटला मागं किंवा कोपऱ्यात शोषखड्डा चालतो, जोत्यापासून दहा फूट तरी लांब. काळ्या जमिनीत शोषखड्डा म्हणजे विहीर होते. तिथं अंगण उचलून घेणं किंवा लहान टाकीत पाणी गोळा करून पंपानं बाहेर काढणं, दोनच रस्ते.

काम कधी काढायचं, हेही जमिनीवर ठरतं. मुरमाड असेल तर मे महिन्यात बिनधास्त करा. काळी असेल तर मे सगळ्यात वाईट, कारण माती पूर्ण आकसलेली असते आणि तुमचं नवं अंगण महिन्याभरात फुगणाऱ्या जमिनीवर बसतं. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत, जमीन धड ओली नाही धड कोरडी नाही अशी असताना काढा. पाहुणे, लग्नं, वास्तुशांत सगळं उन्हाळ्यात असतं हे मान्य, पण मातीला ते कळत नाही.

पहिला पावसाळा गेला की सांध्यांतली वाळू अर्धा-पाव इंच खाली गेलेली दिसेल. ती एकदा भरून घ्या. त्यासाठी एक पोतं वाळू कोरड्या जागी ठेवा, आणि पंधरा-वीस ब्लॉकही ठेवा. दोन-तीन वर्षांनी तोच साचा मिळाला तरी तोच रंग मिळत नाही.